निजलेले कंद, जागलेले कंद

मराठी घराच्या बागेत डिसेंबर दोन्ही दिशांनी काम करतो. कुंडीतली रानहळद पिवळी पडून आडवी झालेली असते, कळलावीचा वेल वाळून काठीला लटकत असतो, मे फ्लॉवरची पानं एकेक करून मातीला टेकत असतात. त्याच आठवड्यात पलीकडच्या वाफ्यात ग्लॅडिओलसचा दांडा पात्यांतून वर सरकतो आणि डेलियाला कळ्या धरतात. काही कंद निजायला निघालेले असतात, काही नुकते जागे झालेले असतात. वर्षअखेरची बाग समजून घ्यायची तर या दोन्ही हालचाली एकत्र पाहाव्या लागतात. हिवाळी कंदफुलांवरचं हे पुस्तक तशी नजर देतं, म्हणून त्याची प्रस्तावना लिहिताना मला मनापासून आनंद होतो आहे.

कंदफुलांकडे आपण सहसा फुलाच्या बाजूनं बघतो. रोपवाटिकेतल्या पाकिटावरचं चित्र आवडतं, आपण कंद आणतो, लावतो, पाणी घालतो आणि वाट पाहतो. लेखिकेचा आग्रह असा, की आधी झोप पाहा. कोणत्या कंदाला कोणत्या ऋतूत, किती काळ आणि किती कोरडी विश्रांती लागते हे ज्याला कळलं, त्याच्या बागेत फूल येतंच. खत, पाणी, औषधं यांचा विचार त्यानंतरचा. मला हे पूर्ण पटतं. घरच्या कुंड्यांतले कंद उपासमारीनं क्वचितच मरतात. बहुतेक वेळा निजलेल्या कंदाला रोज पाणी पाजलं जातं आणि तो मातीतच कुजतो.

विषयाला नव्या असलेल्या वाचकानं सुरुवातीलाच एक गोष्ट जाणून घ्यावी. ज्यांना आपण सरसकट कंद म्हणतो, त्यांत चार वेगवेगळ्या रचना आहेत. कांदा, नार्सिसस (नर्गिस), ट्यूलिप, हिपिएस्ट्रम हे खरे कंद: उभे चिरले तर मांसल पानांचे थर दिसतात आणि तळाशी एक चकती, जिच्या कडेनं मुळं फुटतात. ग्लॅडिओलस, केशर, फ्रीझिया यांचा दृढकंद आतून भरीव असतो, थर नसतात. ते फुगलेलं खोडच असतं. डेलियाची मुळंच फुगून गाठी होतात, आणि त्यांना मानेशी खोडाचा डोळा चिकटलेला नसेल तर कितीही टपोरी गाठ लावली तरी ती फुटत नाही. हळद, आलं आणि कर्दळ ही जमिनीत आडवी पसरणारी खोडं. रचना वेगळ्या असल्या तरी चौघांचं काम एकच आहे. वाईट ऋतू जमिनीखाली काढायचा आणि चांगला ऋतू येताच, मुळं जमण्याचीही वाट न पाहता, साठवलेल्या शिदोरीवर वर यायचं.

ही शिदोरी किती पूर्ण असते, ते केशरावरून दिसतं. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरात केशर फुलतं. पण त्या फुलाची घडण उन्हाळ्यातच, दृढकंद वरवर निपचित पडलेला असताना, त्याच्या डोळ्यात पुरी झालेली असते. म्हणून हल्ली बंद खोल्यांत ट्रेमध्ये मांडलेले केशराचे कंद माती आणि पाणी नसतानाही फुलतात. महाराष्ट्रातही काहींनी असे प्रयोग केले आहेत. फुलं खुडून झाली की मात्र त्याच कंदांना माती द्यावी लागते, नाहीतर पुढच्या वर्षीचे कंद तयार होत नाहीत. केशराला बी धरत नाही. आजवर जगात जितकं केशर पिकलं, ते माणसांनी हातोहात कंद वाटून आणि पुन्हा लावून वाढवलेलं आहे.

कंदानं केव्हा निजायचं आणि केव्हा उठायचं, हे त्याच्या मूळ देशातला पाऊस ठरवतो. भूमध्य समुद्राच्या काठापासून इराणपर्यंत आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप प्रांताच्या पश्चिमेकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. नर्गिस, अ‍ॅनिमोन, रॅनन्क्युलस आणि फ्रीझिया या मुलखांतल्या वनस्पती. त्या थंडीत वाढतात, फुलतात आणि उन्हाळा मातीखाली काढतात. सह्याद्रीवर याच्या नेमकं उलट. इथे चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडा कातळ. त्यामुळे आपले रानातले कंद मृगाच्या आसपास जागे होतात आणि दिवाळीनंतर निजतात. म्हणजे आपली हिवाळी कंदबाग बऱ्याच अंशी दूरच्या पाहुण्यांची आहे. त्यांना हवा तो हिवाळी पाऊस आपण झारीनं पुरवतो.

पाहुण्यांमधला दुसरा गट आणखी लक्ष देण्यासारखा आहे. आजचा ग्लॅडिओलस मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हाळी पावसाच्या भागातल्या जातींच्या संकरातून घडला, डेलिया मेक्सिकोच्या डोंगरांतला. युरोपात दोन्ही भर उन्हाळ्यात फुलतात. आपल्याकडे ते हिवाळ्यात का, याचं उत्तर थर्मामीटर देतो. पुण्यात डिसेंबरातली दुपार तिशीच्या अलीकडे असते आणि पहाट अकरा-बारा अंशांपर्यंत उतरते. त्यांना जसा उन्हाळा हवा, तो आपल्या मार्गशीर्ष-पौषात मिळतो. ट्यूलिप आणि हायसिंथ यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ट्यूलिपला सुमारे 12 ते 16 आठवडे कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय दांडा नीट वाढत नाही, आणि ती थंडी आपल्या मैदानी भागात कुठेच नाही. शीतगृहातून किंवा फ्रिजमधून उसनी थंडी देऊन ते एकदा फुलवता येतात. दुसऱ्या वर्षीही तो कंद फुलेल, ही आशा मात्र धरू नये.

कंदफुलांच्या इतिहासात आशिया मागे राहिलेला नाही. ट्यूलिपच्या रानटी जाती मध्य आशियातल्या तियानशान डोंगरांच्या बाजूच्या. बाबरानं आपल्या आत्मचरित्रात काबूलच्या परिसरातल्या बत्तीस-तेहतीस प्रकारच्या ट्यूलिपांची नोंद केली. 1620 मध्ये जहांगीर काश्मीरला गेला, तेव्हा त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरनं तिथल्या फुलांची चित्रं काढली. त्यातलं लाल ट्यूलिपचं चित्र आजही प्रसिद्ध आहे. ऑटोमन तुर्कांच्या बागांतून हे फूल युरोपात गेलं. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस 1593 मध्ये हॉलंडमधल्या लायडनला आला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बागेत ट्यूलिप फुलले. मग ट्यूलिपच्या कंदांवर सट्टा चढत गेला, आणि फेब्रुवारी 1637 मध्ये हार्लेमला बोली लागेनाशी होताच बाजार कोसळला. ज्या रेघारेघांच्या ट्यूलिपांसाठी लोक सर्वाधिक पैसे मोजत होते, त्यांची नक्षी म्हणजे मावा किडीनं पसरवलेला विषाणुजन्य रोग होता. ही नक्षी रोगामुळे येते, हे डोरोथी केली या संशोधिकेनं 1920 च्या दशकात दाखवून दिलं.

नर्गिसाचा प्रवास पूर्वेला झाला. इराणच्या दक्षिणेकडे आजही ऐन हिवाळ्यात नर्गिसाची शेतं फुलतात. चीनमध्ये याच कुळातला कंद उथळ ताटलीत खडे आणि पाणी घेऊन नववर्षाच्या सुमारास फुलवतात. झांगझौचे कारागीर तो कंद चाकूनं असा कोरतात, की पानं आणि दांडे हव्या त्या वळणानं वाढावेत. केपच्या कंदांचा मोठा ओघ युरोपकडे वळला तो 1772 नंतर. त्या वर्षी क्यू उद्यानानं पाठवलेला फ्रान्सिस मॅसन आणि लिनियसचा शिष्य थुनबर्ग हे दोघंही केपला पोचले होते. डेलियाचं बी मेक्सिकोहून 1789 मध्ये माद्रिदच्या बागेत आलं. लँकशरमधल्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीनं 1799 च्या सुमारास हिपिएस्ट्रमचा पहिला संकर केला, आणि बेल्जियममधल्या गेंटच्या लुई व्हान हूटनं 1841 मध्ये ग्लॅडिओलसचा पहिला मोठा संकर बाजारात आणला. आपल्याकडची गुलछडीही मूळची मेक्सिकोची. ती इतकी रुळली, की मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिच्याविना पूजेचं ताट अपुरं वाटतं.

या सगळ्या प्रवासातून कंदफुलांकडे पाहण्याच्या पाच परंपरा घडल्या. पहिली अवेळी फुलवण्याची, आणि तिचं माहेर हॉलंड. वाखनिंगनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हायसिंथ आणि ट्यूलिपचे कंद वर्षभर ठरावीक अंतरानं चिरून आत फूल केव्हा आणि कोणत्या तापमानाला घडतं, याचा काटेकोर अभ्यास केला. आज नाताळात युरोपच्या खिडक्यांत हिपिएस्ट्रम हमखास फुलतो, तो अशाच अभ्यासाच्या जोरावर. शास्त्राआधी शेतकऱ्यांच्या अनुभवानंही इथे वाट काढली होती. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या सिली बेटांवर सोनेरी नार्सिससच्या शेतांत धूर कोंडला की फुलं लवकर येतात, हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. धुरातला इथिलीन वायू कंदाला जागं करतो, हे नंतर कळलं. हाच इथिलीन पिकणाऱ्या सफरचंदांतूनही निघतो आणि थंडीसाठी फ्रिजमध्ये ठेवलेल्या ट्यूलिपच्या आतली कळी जाळतो. म्हणून फळांच्या कप्प्यात कंद ठेवू नयेत, ही या पुस्तकातली सूचना साधी असली तरी तिच्यामागे शंभर वर्षांचं ज्ञान आहे.

दुसरी परंपरा इंग्लंडची, कंद गवतात सोडून देण्याची. विल्यम रॉबिन्सन यांनी 1870 मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून आखीव वाफ्यांना विरोध केला आणि कंदांना झाडाखाली, हिरवळीत आपलं आपण वाढू द्यावं असं सांगितलं. स्नोड्रॉपचे पांढरे गालिचे आणि त्याच्या शेकडो प्रकारांचे हौशी संग्राहक हे याच वळणाचं फळ. अमेरिकेत एलिझाबेथ लॉरेन्स यांनी 1957 मध्ये ‘द लिटल बल्ब्ज’ या पुस्तकातून उष्ण दक्षिणेकडच्या बागांसाठी छोट्या कंदांची बाजू मांडली. आपल्याकडच्या वाचकाला त्यांचं पुस्तक जवळचं वाटावं, कारण थंड देशांची पुस्तकं उष्ण प्रदेशात जशीच्या तशी चालत नाहीत, हा त्यांचाही अनुभव होता.

तिसरी परंपरा प्रदर्शनाची. पुण्यात एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन, मुंबईत राणीच्या बागेतलं प्रदर्शन, कोलकात्याचे हिवाळी डेलिया या सगळ्यांनी हौशी माणसाला एक तारीख दिली आणि त्या तारखेपर्यंत फूल आणण्याची शिस्त लावली. रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी भारतीय हवामानाला साजेसे डेलियाचे कितीतरी वाण घडवले, ते याच वातावरणात. चौथी परंपरा बाजाराची. एकेरी गुलछडी हारासाठी किलोवर आणि दुहेरी गुच्छासाठी दांड्यांवर विकली जाते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’, बेंगळुरूच्या संस्थेच्या ‘प्रज्वल’ आणि ‘शृंगार’ या जाती शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. ग्लॅडिओलसमध्येही ‘फुले गणेश’ आणि ‘फुले प्रेरणा’ हे आपल्या मातीत घडलेले वाण आहेत. घरच्या बागेतल्या माणसानं पाकिटावरच्या परदेशी नावांआधी हे वाण मागावेत, असं लेखिका सांगते, आणि ते रास्त आहे.

पाचवी परंपरा रानाची. सह्याद्रीच्या सड्यांवर पहिल्या पावसात दीपकाडी आणि पॅनक्रॅशियमची पांढरी फुलं येतात, सापकांद्याचा फणा वर येतो. शेवळं तर फुलण्याआधीच खुडून काकडांबरोबर भाजीला येतात. रानकांदा याहूनही धीट: भर उन्हाळ्यात, एक पान नसताना, तो नुसता फुलांचा दांडा वर पाठवतो. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथल्या फुलांची छायाचित्रं घरोघरी पोचली, पण त्यातल्या कित्येक फुलांचे कंद ऑक्टोबरनंतर तिथेच बोटभर मातीत निजलेले असतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. हिवाळ्यात त्या वाळक्या गवतावरून गाडी गेली, तरी पुढच्या पावसातलं फूल हरवतं.

या साऱ्या पसाऱ्यात मराठी माणसाचा सगळ्यांत जुना हिवाळी कंद राहून जाऊ नये. तो म्हणजे कांदा. नाशिककडे बियाण्यासाठी कांदा लावतात, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडक कांद्यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापून ते सरीत बसवतात, म्हणजे आतले कोंब मोकळे होऊन एकदम फुटतात. निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. त्या थंडीनं पोकळ दांडे वर येतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक दांड्याच्या टोकाला शेकडो बारीक पांढऱ्या फुलांचा चेंडू धरतो. एकाच फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, म्हणून फलन मधमाश्यांवर अवलंबून. जवळपास दुसऱ्या जातीचा कांदा फुललेला असेल तर बी भेसळीचं होतं, त्यामुळे दोन जातींत किलोमीटरभराचं तरी अंतर ठेवतात. खाण्याच्या कांद्यात हीच थंडी शेतकऱ्याची वैरी ठरते; तिथे दांडा आला की डेंगळे आले म्हणतात आणि माल कमी भावात जातो. एकच थंडी, एकच कंद. एका शेतात ती हवी असते, दुसऱ्या शेतात नको असते. कंदाला फुलायला काय लागतं, हे शिकायला याहून स्वस्त शाळा नाही. स्वयंपाकघरात कोंब फुटलेला कांदा नोव्हेंबरात कुंडीत लावला, तर थंडी चांगली पडलेल्या गावात नव्या वर्षात तो गच्चीवर मधमाश्या बोलावतो.

दुसरा धडा ग्लॅडिओलसचा. दांडा कापल्यावर पानं तशीच ठेवून सहा-आठ आठवड्यांनी, ती पिवळी पडू लागली की, रोप हळूच उपटून पाहावं. लावलेला गड्डा तिथे नसतोच म्हटलं तरी चालेल. त्याची सुकून चपटी झालेली तपकिरी चकती खाली चिकटलेली असते, आणि तिच्यावर नवा, गुळगुळीत, टणक गड्डा बसलेला असतो. दोघांच्या सांध्याभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिल्लांचा घोस. फुलण्यात जुना गड्डा पूर्ण खर्ची पडलेला असतो आणि नवा फक्त हिरव्या पानांच्या कमाईवर घडलेला असतो. म्हणून फूल घेताना दांड्याबरोबर सगळी पानं कापून नेणाऱ्याला पुढच्या वर्षी फूल मिळत नाही. हे एकदा हातात धरून पाहिलं, की पानं पिवळी होईपर्यंत थांबायला कुणी सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रात एकच हिवाळा नाही, हेही या विषयाचं एक सूत्र. कोकणात आणि मुंबईत रात्री पुरेशा थंड होत नाहीत. तिथे डेलियापेक्षा हिपिएस्ट्रम, पावसाळी लिली आणि गुलछडी यांच्यावर भर द्यावा, आणि थंडीचा उपयोग त्यांना विसावा देण्यासाठी करावा. देशावर ग्लॅडिओलस, डेलिया, फ्रीझिया, रॅनन्क्युलस आणि पाण्यातलं नर्गिस यांना ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला हंगाम मिळतो. विदर्भात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक, थंडी खरी, पण उन्हाळा लवकर येतो, म्हणून लावणी आटोपशीर आणि वेळेवर हवी. महाबळेश्वर-पाचगणीला डेलियाचा थाट वेगळाच असतो. गोव्याच्या दमट हवेत निजलेल्या कंदांना कुंडीतून काढून कोरड्या वाळूत ठेवणं बरं. हे भेद लेखिकेनं बारकाईनं मांडले आहेत. इंग्रजी पुस्तकांतून उचललेल्या लावणीच्या तारखांमुळे आपल्या वाचकांचे किती कंद वाया गेले असतील, याचा विचार केला की या भेदांचं मोल कळतं.

आजच या पुस्तकाची गरज का, याला तीन कारणं आहेत. पहिलं हवेचं. डिसेंबरात अवकाळी पाऊस येतो, आणि कोरडी झोप हवी असलेल्या कंदांच्या कुंड्या उघड्यावर भिजतात. अशा वेळी कुंडी आडवी करून ठेवणं किंवा वळचणीला नेणं, एवढी समजसुद्धा कंद वाचवते. दुसरं कारण बाजाराचं. आता परदेशी कंद ऑनलाइन घरपोच येतात, एकदा फुलतात आणि कचऱ्यात फेकले जातात. कंद ही टिकणारी, वाढणारी, वाटता येणारी वस्तू आहे, ही जाणच त्यातून पुसली जाते. माहेरून आणलेला मे फ्लॉवर, शेजारणीनं दिलेली पावसाळी लिली, सासूबाईंच्या हातची गुलछडी असं कंदांचं येणंजाणं आपल्या घरांत कायम होतं, आणि कंदाबरोबर तो केव्हा निजवायचा याचं ज्ञानही जात होतं. अंगण गेलं, फ्लॅट आला, आणि ते ज्ञान अर्धवट राहिलं.

तिसरं कारण रानाचं. स्नोड्रॉप आणि सायक्लॅमेनचे कंद तुर्कस्तानातल्या डोंगरांतून इतके उपसले गेले, की त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं निर्बंध आणावे लागले. आपल्या सड्यांवरही कुणी फोटो पाहून, कुणी औषधासाठी, कुणी हौसेनं कंद उकरतं. कळलावीचे कंद औषधी म्हणून मोठ्या प्रमाणात गोळा होतात, आणि ते अत्यंत विषारीही आहेत. नार्सिसस, हिपिएस्ट्रम यांचे कंदही विषारीच. कांद्यासारखे दिसतात म्हणून ते स्वयंपाकघराच्या जवळ आणि मुलांच्या हाताशी ठेवू नयेत. रानातला कंद रानातच पाहावा आणि घरी लावायचा तो रोपवाटिकेत वाढवलेला असावा, हा नियम लेखिकेनं पुस्तकभर पाळला आहे.

हे पुस्तक कंदफुलांचा कोश नाही. जगातल्या प्रत्येक कंदाची माहिती द्यायचा त्याचा दावा नाही आणि तशी गरजही नाही. त्याची रचना ऋतूंच्या क्रमानं आहे, आणि सुरुवात जानेवारीपासून न करता पावसाच्या परतीपासून केलेली आहे, कारण आपल्या बागेचा हिवाळा तिथून सुरू होतो. काय निजवायचं आणि काय जागवायचं, या दोन प्रश्नांभोवती सगळी माहिती गुंफली आहे. शास्त्र आहे, पण ते कामाच्या ओघात येतं: डेलियाच्या गाठीला डोळा का हवा, गड्ड्याची चपटी चकती काय सांगते, हिपिएस्ट्रमचं पाणी हिवाळ्यात दोन-अडीच महिने का तोडावं. गच्चीवर दहा कुंड्या असलेल्या माणसाला आणि शेताच्या बांधावर दोन गुंठे गुलछडी लावणाऱ्या बाईला, दोघांनाही ते सारखंच उपयोगी पडेल. माळीकाम करणाऱ्या हातांबद्दल लेखिकेला आदर आहे आणि तो पानोपानी जाणवतो. शेतकरी जे अनुभवानं करतात, ते आधी नीट समजून घ्यायचं आणि मगच त्याचं शास्त्र सांगायचं, अशी तिची रीत आहे.

माझ्या मते या पुस्तकाचं खरं योगदान इथेच आहे. कंद फुलवायच्या युक्त्या सांगणारी पुस्तकं पुष्कळ सापडतील. पण कंदाच्या विश्रांतीला बागेच्या वर्षात मानाची जागा देणारं, मराठी हवा आणि मराठी माती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं पुस्तक दुर्मीळ. कुंडीत हिरवं काही दिसत नाही म्हणून ती रिकामी झाली असं समजणाऱ्या कुटुंबांत हे पुस्तक पोचलं, तर कितीतरी कंद वाचतील.

वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. हे पुस्तक एका बैठकीत वाचून कपाटात ठेवू नका. या आठवड्यात आपल्या कुंड्या एकदा तपासा. ज्यांची पानं आपण होऊन पिवळी पडत आहेत, त्यांचं पाणी थांबवा, कंदाचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी कुंडीत खोचा, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ही कुंडी रिकामी नाही. मग एक ग्लॅडिओलसचा गड्डा किंवा घरातलाच कोंब फुटलेला कांदा लावा. आणि पुढच्या वर्षी कंद दुप्पट झाले, की त्यातले निम्मे कुणाला तरी द्या. देताना ते केव्हा निजवायचे, तेही सांगा.